दुकानाची भिंत आणि गावाचे नाव



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलाविले म्हणजे त्याने महागाईभत्ता, बोनस, नाहीतर कामगार कायदे यांवर बोलावे, अशी रीत आहे. आम्ही विषय कळविला तो खेळाच्या कपड्यांच्या दुकानातील भिंतींचा. चालकांनी तो मोठ्या मनाने छापला, पण आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की या गृहस्थांची गाडी वयोमानाने रुळावरून घसरली. तसे झालेले नाही, असा भरवसा आम्ही आरंभीच देतो. जेथे श्रम आहेत, मजुरी आहे आणि मालकी कोणाची हा प्रश्न आहे, तेथे आमचा विषय आहेच. आणि ही तिन्ही त्या भिंतीवर आहेत.

प्रथम गोष्ट काय आहे ती पाहू. धावण्याचे बूट, घाम टिपणारे सदरे, कसरतीच्या विजारी विकणारी मोठी दुकाने आता जिल्ह्याच्या गावांतही निघाली आहेत. आत पाऊल टाकले की माल दिसण्याआधी भिंत दिसते. तिच्यावर पुरुषभर उंचीचा धावपटू असतो, छतापर्यंत गेलेली अक्षरे असतात. जिन्याच्या पायऱ्यांवर मजकूर, जमिनीवर मैदानासारखे पट्टे, काचेवर आकृत्या, कपडे घालून पाहण्याच्या खोलीकडे नेणारा बाण. या सर्वांची मिळून एकच योजना केलेली असते. या धंद्याला परदेशांत स्वतंत्र नाव आहे, त्याचे तज्ज्ञ आहेत, आणि अमेरिकेत त्या तज्ज्ञांची संस्था १९७३ मध्येच स्थापन झाली. आपण आजपुरते त्याला ‘जागेचे आलेखन’ म्हणू. त्याची कामे दोन. पहिले, आलेल्या माणसाला वाट दाखविणे. दुसरे, जागेला स्वभाव देणे. पहिले काम सोपे नाही, पण त्यात वाद नाही. वाद आहे तो दुसऱ्यात. कारण अलीकडे दुकानदारांना असे वाटू लागले आहे की दुकानाचा स्वभाव त्या गावाचा, त्या पेठेचा असावा. ‘स्थानिक रंग’ हा शब्द त्यांच्या तोंडी आला आहे.

हा शब्द कोठून आला? या धंद्यातल्या सर्वांत प्रसिद्ध कंपनीचेच उदाहरण घेऊ. नायकी ही कंपनी १९६४ मध्ये वेगळ्या नावाने निघाली. तिचे आज जगभर ओळखले जाणारे बाकदार चिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने काढले आणि त्याची मजुरी तिला ३५ डॉलर मिळाली. पुढे १९८३ मध्ये कंपनीने तिला आपले भाग बक्षीस दिले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १९९० मध्ये या कंपनीने पोर्टलंड शहरात एक भव्य दुकान उघडले. ते दुकान कमी आणि प्रदर्शन जास्त होते. मग तशीच दुकाने शहरोशहरी निघाली. लोक तेथे माल घेण्याइतकेच दुकान पाहण्यासाठी येत.

पण घरबसल्या फोनवरून खरेदी करण्याचे दिवस आले. बूट दारात येऊ लागले, तेव्हा माणसाने दुकानाची पायरी चढावीच कशाला? याला दुकानदारांनी शोधलेले एक उत्तर असे, की फोनवर मिळत नाही ते दुकानात द्यावे. म्हणजे आपलेपणा द्यावा. २०१८ च्या जुलैत याच कंपनीने लॉस एंजलिस शहरात मेलरोझ नावाच्या रस्त्यावर एक दुकान काढले आणि त्याला त्या रस्त्याचेच नाव जोडले. तेथे कोणता माल ठेवायचा हे त्या भागात राहणाऱ्या आणि कंपनीशी फोनवरून जोडलेल्या गिऱ्हाइकांच्या खरेदीवरून ठरे, आणि दर पंधरवड्याला त्यात बदल होई. बुद्धी मोठी खरी. पण ‘स्थानिक’ शब्दाचा अर्थ येथे काय झाला तो पाहा. ज्याच्या खरेदीची नोंद आहे तो स्थानिक. त्या रस्त्यावर जो झाडू मारतो, जी बाई समोरच्या इमारतीत भांडी घासते, जो मुलगा त्या बुटांकडे काचेतून पाहतो पण घेऊ शकत नाही, त्यांची गणती त्या स्थानिकपणात कोठे आहे?

आमच्या बोलण्याचा गाभा आता सांगून टाकतो. गावाचा स्वभाव हा कोणी चित्रकाराने निर्माण केलेला नसतो. तो तेथे राबणाऱ्या, खेळणाऱ्या, भांडणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घडविलेला असतो. दुकानदार तो स्वभाव भिंतीवर घेतो तेव्हा तो काही फुकट पडलेले उचलीत नाही. तो उसने घेतो. आणि उसने घेतले की परत करावे लागते. भिंत सुंदर आहे की नाही हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की तिने घेतले किती आणि परत केले किती?

हे आम्ही चळवळीच्या चष्म्यातून बोलतो असे वाटू नये, म्हणून क्रीडाजगतातील दोन मोठी उदाहरणे देतो. दुकानांच्या भिंतींची अक्कल पुष्कळशी ऑलिंपिकच्या आलेखनातून आलेली आहे, म्हणून ती प्रस्तुतच आहेत.

पहिले १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचे. त्या वेळी लान्स वायमन या अमेरिकन कलावंताने आणि त्याच्या मेक्सिकन सहकाऱ्यांनी सारे शहर एका रेषेने बांधून काढले. पाच वर्तुळांतून ‘६८’ हा आकडा निघतो, आणि त्याच्या समांतर रेषा पाण्यावरील तरंगांसारख्या पसरत जातात. तिकिटांपासून रस्त्यांपर्यंत तीच रेषा. तिची एक प्रेरणा तेथल्या डोंगरांत राहणाऱ्या हुइचोल आदिवासींची कला ही होती. हे लोक मेणावर रंगीत सुताचे धागे एकाशेजारी एक दाबून चित्र उठवितात. स्थानिक रंग यापेक्षा अधिक तो काय असायचा? जगाने वाहवा केली, आणि ती रास्तच होती. पण उद्‌घाटन १२ ऑक्टोबरला होते, आणि त्याच्या दहा दिवस आधी, २ ऑक्टोबरला, त्याच शहरात त्लातेलोल्को चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर सरकारने गोळ्या घातल्या. शहरभर शांततेचे पांढरे कबुतर लावलेले होते. विद्यार्थ्यांनी त्याच कबुतराच्या छातीवर लाल डाग काढला. मंडळी, त्यांनी नवे चित्र शोधले नाही. सरकारचेच चित्र घेऊन त्याला सत्य बोलावयास लावले. भिंत खोटे बोलू लागली की गाव तिची दुरुस्ती करते, हा त्या डागाचा अर्थ.

दुसरे उदाहरण १९८४ च्या लॉस एंजलिसचे. तेथे डेबोरा ससमन ही आलेखनकार आणि जॉन जर्डी हा वास्तुविशारद, यांनी नवे संगमरवरी देव्हारे उभारले नाहीत. स्पर्धा बहुतेक जुन्याच मैदानांवर होत्या. त्यांनी पुठ्ठ्याच्या नळ्यांचे खांब केले, बांधकामाचे पहाड उभे केले, त्यांवर कापड ताणले, आणि रंग घेतले ते त्या शहरात येऊन वसलेल्या मेक्सिकन आणि आशियाई लोकांच्या बाजारांतले, सणांतले: गडद गुलाबी, शेंदरी, पिवळा, पाण्याचा निळा. अमेरिकेचे नेहमीचे लाल-पांढरे-निळे निशाणी रंग त्यांनी बाजूला ठेवले. खर्च थोडा आणि शहर खुलले. स्थानिक स्वभाव आणायला पैसा फार लागत नाही; रस्त्यावर कोण चालतो हे पाहायला डोळे लागतात, एवढेच यातून घ्यावयाचे.

आता आपल्या मुलखात येऊ. समजा, मुंबईत परळ-लालबागच्या बाजूला, गिरणीच्या जुन्या आवारात, असे एक दुकान मांडायचे आहे. ही कल्पना हवेतली नव्हे. फिनिक्स मिल १९०५ मध्ये निघाली. तिच्याच आवारात आज मुंबईतले एक मोठे बाजारसंकुल आहे. अशा दुकानाचा चित्रकार पहिल्या दिवशी काय काढील, हे आम्ही न पाहता सांगतो. एक धुराडे काढील, एक करवतीच्या दात्यांसारखे छप्पर काढील, वडापाव काढील आणि इंग्रजी लिपीत ‘बंबई’ लिहील. झाला स्थानिक रंग!

धुराडे काढायला आमची हरकत नाही. पण धुराडे म्हणजे काय होते? मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. त्यानंतर सव्वाशे वर्षे कोकणातून, घाटावरून माणसे आली. एका गाळ्यात वीस-वीस जण राहिले, पाळीपाळीने झोपले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांची पहिली संघटना बांधली, आणि १८९० मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. खेळाच्या कपड्यांच्या दुकानाला या तारखेचे महत्त्व आम्ही सांगायला हवे काय? सुट्टी मिळाली म्हणून खेळ मिळाला. आठवड्याचे सातही दिवस साच्यावर उभा असलेला माणूस हुतुतू केव्हा खेळणार? रविवार आला, आणि गिरणगावातल्या व्यायामशाळा, मंडळे, चाळींच्या पटांगणातले कबड्डीचे संघ यांना जीव आला. गिरण्यांनीही आपापले संघ बाळगले. चांगला चढाई करणारा गडी असला तर त्याला नोकरी मिळे. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन हे आपले खेळ दाखविले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले, आणि २०१४ पासून ती दिव्यांच्या झगझगाटात, व्यावसायिक संघांनिशी, दूरदर्शन संचांवर खेळली जात आहे. या साऱ्या प्रवासातला मोठा टप्पा गिरणगावच्या मातीतून गेलेला आहे.

आणि मग काय झाले? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मिटलाच नाही. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या मैदानांसाठी, एक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी साऱ्या जमिनीची न होता केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीची व्हावी. आणि २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. म्हणजे मैदानांचा वाटा आटला. घरांसाठी सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले, २०१२ पासून सोडती निघू लागल्या, आणि तरीही बहुसंख्य अर्जदार घरावाचून आहेत. आता विचार करा. ज्या जमिनीवर मुलांना खेळायला मैदान मिळायचे होते, तेथे खेळाचे कपडे मिळू लागले. आणि त्या दुकानाच्या भिंतीवर मैदानाचे चित्र आले!

हे ऐकून कोणी म्हणेल, मग आपले म्हणणे असे दिसते की ते दुकानच नको. आमच्या काही मित्रांचे तसे म्हणणे आहेही. ते म्हणतात, वैऱ्याच्या घराला तोरण कशाला बांधावे? आम्हाला ते पटत नाही. दुकान उभे राहिले आहे, ही वस्तुस्थिती आहे. त्यात विकायला उभी राहणारी पोरेपोरी चाळींतलीच आहेत. कित्येकांचे आजोबा त्याच आवारात साच्यावर उभे होते. ज्या भिंतीसमोर त्यांना दिवसाचे आठ-दहा तास उभे राहायचे, ती भिंत आपल्याविषयी खरे बोलते की खोटे, हा त्यांचा प्रश्न आहे. आणि इतिहास केवळ ग्रंथालयात राहतो असे मुळीच नाही. जास्तीत जास्त माणसे जी भिंत पाहतात, तिच्यावर जे असेल तेच पुढच्या पिढीला खरे वाटते. म्हणून भिंत सोडून देता येत नाही.

तर मग ती कशी करावी? आम्ही काही चित्रकार नव्हे. पण चळवळीत फलक, पताका, भिंतपत्रके यांवर जन्म गेला आहे, तेव्हा अक्षर कोठून वाचता येते आणि कोठून येत नाही, एवढे आम्हाला कळते. आम्ही पाच अटी घालतो.

पहिली अट, सत्याची. धुराडे काढा, पण गिरणीचे नाव आणि साल लिहा. मल्ल काढा, पण कोणता ते सांगा. कोल्हापुरात असे दुकान असेल तर भिंतीवर खाशाबा जाधव जरूर यावेत. पण ते नुसत्या दंडांच्या फुगवट्याने येऊ नयेत. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ मध्ये हेलसिंकीला गेला तो लोकवर्गणीवर. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण टाकले. आणि त्याने स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. ही तीन वाक्ये भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिली तर त्यांपुढे कोणत्याही जाहिरातीचे सुभाषित फिके पडेल. खेळ केवळ मनगटाने होत नाही, तो गावाच्या वर्गणीने होतो, हे त्या मुलाला कळेल.

दुसरी अट, नावाची आणि मजुरीची. २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने फॅशनच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखविली, आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांचा तिच्यावर हक्क आहे. इकडे ओरड झाली तेव्हा ही प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे, असे कंपनीने मान्य केले. ओरड केल्याशिवाय नाव मिळत नाही, हे आम्हा संघटनेच्या लोकांना नवे नाही. भिंतीचेही तसेच. पाट्या रंगविणारे पेंटर आमच्या गावोगाव होते. सुतळीला खडू लावून ते फळीवर सरळ रेघ मारीत, आणि हात न टेकता अक्षराला गोलाई देत. हुसेन यांच्यासारखा चित्रकारही मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरीत असे. फ्लेक्सच्या छापील कापडाने या कारागिरांची रोजी नेली. दुकानदाराला स्थानिक स्वभाव हवा असेल तर तो संगणकावर पेंटरच्या अक्षरासारखे अक्षर जुळवून मिळणार नाही. पेंटरच्या हातून मिळेल. भिंत त्याला द्या, चालू दराने रोख मजुरी द्या, आणि कोपऱ्यात त्याला सही करू द्या. सहीला जागा विताएवढी लागते.

तिसरी अट, लिपीची. दुकानाबाहेरच्या पाटीपुरता कायदा झाला आहे. २०२२ च्या दुरुस्तीने लहानमोठ्या सर्व दुकानांना देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची झाली आणि तिची अक्षरे दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असू नयेत असे ठरले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. बहुतेकांनी पाट्या लावल्या, पण कशा? इंग्रजी अक्षरे सुटी सुटी असतात, म्हणून चित्रकार त्यांच्यात अंतर टाकून शोभा आणतो. तेच अंतर तो मराठी अक्षरांत टाकतो, आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. शब्द दात पडलेल्या तोंडासारखा दिसू लागतो. इंग्रजी मोठी अक्षरे एका उंचीची, म्हणून पट्टी तेवढ्याच उंचीची कापतो, आणि आमच्या वेलांट्या, मात्रा, रफार वरून छाटले जातात, उकार खालून. मराठीचा ल आणि श यांचे वळण हिंदीहून वेगळे आहे, तेही कोणी पाहत नाही. दर दहा फुटांना एक इंच उंचीचे अक्षर, असा पाटीचा साधारण हिशेब सांगतात. मात्रा-उकार जमेस धरले तर आम्हाला त्याहून थोडी जास्त उंची हवी. मराठी अक्षर हे इंग्रजी अक्षराचे भाषांतर नव्हे. त्याला स्वतःची उंची, स्वतःचा श्वास आहे. तो ओळखणारे अक्षरकार आपल्याकडे झाले आहेत. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा टंक घडविला, आणि अलीकडे मुंबईच्या मंडळींनी केलेला ‘मुक्त’ टंक तर कोणालाही विनामूल्य वापरता येतो. तेव्हा सबब उरत नाही.

चौथी अट, वापराची. भिंतीवर मैदानाचे चित्र काढण्यापेक्षा जमिनीवर मैदानच काढा. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. त्याचे अर्धे म्हणजे साडेसहा मीटर बाय दहा मीटर, सुमारे सातशे चौरस फूट. मोठ्या दुकानात एवढी जागा मधोमध मोकळी ठेवता येते. मालाची चाके लावलेली मांडणी सकाळी बाजूला सारली की झाले. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा मारा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनसरेषा मारा, दोन्ही बाजूंस राखीव पट्टे सोडा. रेषा खऱ्या मापाच्या असल्या की मुलगा त्यांवर पाय ठेवून पाहतोच. आणि आठवड्यातून एक सकाळ जवळच्या व्यायामशाळेच्या मुलामुलींना चटई अंथरून तेथे सराव करू दिला, तर त्या आलेखनाला कोणी खोटे म्हणणार नाही. दुकानदाराचा यात तोटा आहे काय? बूट घालून पाहण्यासाठी याहून चांगली जागा नाही! शिवाय जवळच्या मंडळाच्या मैदानाची माती, दिवे, पाणी यांचा खर्च दुकानाने उचलावा. उसने घेतलेले परत करण्याची ही साधी रीत आहे.

पाचवी अट, आणि ती आमच्या मते सर्वांत मोठी: भिंतीने पाठीमागचे झाकू नये. पूर्वी कापड त्याच आवारात विणले जाई. आता सदरा व्हिएतनामात, इंडोनेशियात, चीनमध्ये, नाहीतर आपल्याच देशात दूर कोठे शिवला जातो. १९९२ मध्ये जेफ बॅलिंजर या कार्यकर्त्याने इंडोनेशियातल्या बूट शिवणाऱ्या मुलीची पगारचिठ्ठी अमेरिकेतल्या मासिकात छापली, आणि वादळ उठले. १९९८ च्या मे महिन्यात नायकीचे प्रमुख फिल नाइट यांना जाहीर भाषणात मान्य करावे लागले की आपल्या मालाचे नाव गुलामीच्या मजुरीशी जोडले गेले आहे. २००५ मध्ये त्या कंपनीने आपल्या कारखान्यांची यादी प्रसिद्ध केली. यादी प्रसिद्ध होते तर ती भिंतीवर का येऊ नये? एका बाजूला आपल्या गावाचा खेळाडू, दुसऱ्या बाजूला सदरा शिवणाऱ्या गावाचे नाव आणि नकाशा. परळच्या मुलाला कळू दे की आपले आजोबा जे करीत तेच आज कोणी दुसऱ्या देशातली पोर करीत आहे. दोन गावे एका भिंतीवर आली की जगभरच्या कामगारांची एकी समजावून सांगायला आमच्यासारख्याच्या व्याख्यानाची गरज उरणार नाही.

याच अटीत आणखी एक लहानशी वस्तू येते, ती म्हणजे स्टूल. एवढी रंगवलेली भिंत, एवढी मापून मारलेली रेषा, आणि त्यापुढे विक्रीला उभी असलेली मुलगी दिवसभर बसू शकत नाही! कोळिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी यासाठी चळवळ केली, आणि २०१८ मध्ये केरळने कायद्याने त्यांना बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसेच केले. जो चित्रकार जागेचा आराखडा काढतो, त्याने त्यात बसण्याची जागाही काढलीच पाहिजे. धावण्याचे, उडी मारण्याचे गुणगान करणाऱ्या भिंतीखाली कोणाच्या पायांच्या शिरा सुजाव्यात, हे शोभत नाही.

आता दुकानदाराची बाजू. तो म्हणेल, मी धर्मशाळा काढलेली नाही; भाडे आहे, पगार आहेत, कर आहेत. आम्ही त्याच्याकडे धर्म मागत नाही. आम्ही हिशेब मागतो. परक्या शहरातून मागविलेले छापील वेष्टन लावण्यापेक्षा पेंटरची भिंत महाग पडेलच असे नाही; लॉस एंजलिसने पुठ्ठ्यावर आणि कापडावर ऑलिंपिक सजविले, हे आपण पाहिले. खरी तारीख लिहायला खोट्या घोषणेपेक्षा जास्त रंग लागत नाही. आणि फोनवर मिळत नाही ते द्यायचे असेल, तर फोनवर मिळत नाही अशी वस्तू एकच आहे, आणि ती म्हणजे शेजार. शेजार विकत घेता येत नाही, तो राखावा लागतो.

तो असेही म्हणेल की लोकांना हे नको असते. तरुणांना झगमगाट हवा असतो. तरुणांना झगमगाट हवा असतो हे खरेच, आणि त्यांना तो मिळावा. प्रकाशाशी आमचे वैर नाही. पण त्याच प्रकाशात त्यांच्या मोहल्ल्याचे नाव शुद्ध, सुडौल मराठीत झळकले, आणि त्याखाली त्यांच्याच व्यायामशाळेच्या संघाची यादी आली, तर ते तोंड फिरवतील असे आम्हाला वाटत नाही. आमच्या गणेशोत्सवातल्या देखाव्यांनी झगमगाट आणि मजकूर दोन्ही एकत्र बसविले. गर्दी कधी कमी झाली नाही.

शेवटी आपल्याविषयी. या गावातही असे दुकान आले असेल, नसेल तर येईल. तेथे बूट घ्यायला जाल तेव्हा चार प्रश्न अवश्य विचारा. हे चित्र कोणाचे आहे? ते कोणी काढले आणि त्याला किती मिळाले? आमच्या मैदानाला तुम्ही काय दिले? या बाईंना बसायला स्टूल कोठे आहे? एकट्याने विचारले तर विक्रेता हसेल. दहा जणांनी विचारले तर व्यवस्थापक खाली उतरेल. पन्नास जणांनी विचारले तर पत्र मुख्य कचेरीत जाईल. संघटनेचे शास्त्र यापेक्षा मोठे नाही, आणि ते आम्ही कोणत्याही महाविद्यालयात शिकलो नाही. ते आपल्यासारख्या माणसांनीच आम्हाला शिकविले.

गावाचा स्वभाव ही आपली सामाईक मिळकत आहे. ती भिंतीवर चढायची असेल तर भाडे भरून चढावी. आणि ते भाडे वसूल करणारे कोणी सरकारी खाते नाही, आपणच आहोत.